वडिलांच्या जुन्या रॅलेवर बावीस हजार रुपये खर्च करावेत का?

सांगलीच्या विश्रामबाग भागातील एका वाचकांनी पत्रातून सल्ला मागितला आहे. ते कुपवाड एमआयडीसीतील एका कारखान्यात नोकरी करतात आणि कपाती जाऊन त्यांच्या हातात ४१,००० रुपये पगार येतो. घरकर्जाच्या हप्त्यासह घरखर्च ३०,००० रुपयांच्या आसपास आहे, मुलीच्या जूनमधील शाळाप्रवेशासाठी दरमहा ३,००० रुपयांची आवर्त ठेव चालू आहे आणि बचत खात्यात ७०,००० रुपये आहेत. वडिलांची इंग्लंडमध्ये नॉटिंगहॅमला बनलेली रॅले सायकल गणपती पेठेतील जुन्या घरात होती. २०१९ च्या महापुरात ती पाण्याखाली गेली आणि आता चिमट्यासह (पुढचे चाक धरणारा फोर्क) केवळ फ्रेम उरली आहे. ती पुन्हा उभी करण्यासाठी त्यांनी २२,००० रुपयांची यादी केली आहे. त्यात पावडर कोटिंग व स्टिकर ४,५००, आठ गिअरच्या हबसह (चाकाचा मधला तुंबा) नवी चाके ६,५००, क्रँक (पायडलचे दांडे), बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा एक्सल फिरतो तो भाग), चेन आणि गिअर ६,०००, तर ब्रेक, हँडल आणि चामड्याची सीट ५,००० रुपये असे आकडे आहेत. ही रक्कम क्रेडिट कार्डावर १५ टक्के व्याजाने १२ हप्त्यांत फेडावी, पेट्रोलच्या बचतीतून ती वसूल होईल आणि पुढे विंटेज सायकल म्हणून किंमतही वाढेल, असा त्यांचा हिशेब आहे. ‘हे जमणार नसेल तर १५,००० रुपयांची नवी सायकल घेऊ का?’ असेही त्यांनी विचारले आहे.

आपण सायकल जरूर उभी करावी, असे माझे मत आहे. मात्र ती २२,००० रुपयांत नको, कार्डावर तर मुळीच नको, आणि फ्रेम तपासून झाल्याशिवाय एकही सुटा भाग मागवू नये.

प्रथम पेट्रोलचा हिशेब पाहू. आपले कामावर जाणे-येणे रोजचे १२ किलोमीटर आहे. महिन्याचे २५ दिवस, दुचाकीचे लिटरला ५० किलोमीटर आणि पेट्रोलचा भाव १०५ रुपये धरला तर महिन्याला सहा लिटर, म्हणजे ६३० रुपये लागतात. पावसाळ्याचे चार महिने वगळून उरलेल्या आठ महिन्यांत निम्मे दिवस सायकलने गेलात, तर वर्षाला वाचतील २,५२० रुपये. २२,००० रुपये सुटायला साडेआठ वर्षांहून अधिक काळ लागेल, आणि त्यात टायर, ब्रेक शू, ओव्हरहॉलिंग यांचा खर्च मी धरलेलाच नाही. किंमत वाढण्याची आशाही बाजूला ठेवावी. पुरात राहिलेली, रंग बदललेली आणि मूळ भाग नसलेली सायकल विकायला काढली, तर तिच्यावर घातलेले पैसे परत मिळत नाहीत. हा हौसेचा खर्च आहे. वडिलांच्या आठवणीसाठी तो करण्यात काहीही गैर नाही; पण त्याला गुंतवणूक किंवा बचत म्हटले की खर्चाची मर्यादा सैल होते, आणि मला काळजी आहे ती त्याची.

आता फ्रेमविषयी, कारण सारा निर्णय तिच्यावर अवलंबून आहे. पोलादी नळी आतून गंजते आणि बाहेरचा रंग शाबूत असला तरी ते कळत नाही. पुराचा गाळ सर्वांत जास्त साचतो तो बॉटम ब्रॅकेटच्या नळकांड्यात, कारण फ्रेममधील सर्वांत खालची जागा तीच. एखाद्या जुन्या, जाणत्या मेकॅनिककडे नेऊन सीटची दांडी आणि बॉटम ब्रॅकेटचे कप (छर्रे बसतात त्या वाट्या) काढून घ्यावेत, गाळ धुवून टॉर्चच्या उजेडात आत पाहावे आणि मागच्या चाकाकडे जाणाऱ्या खालच्या दोन्ही नळ्या टोकदार स्क्रू ड्रायव्हरने दाबून पाहाव्यात. टोक आत गेले किंवा गंजाचे पापुद्रे सुटू लागले, तर ती फ्रेम रस्त्यावर आणू नये. नळ्या जिथे एकमेकींना जोडल्या आहेत तेथील सांध्यांवर आणि चिमट्याच्या मानेवर केसासारखी चीर नाही ना, तेही पाहावे. शेवटी मागच्या चाकाच्या एका खाचेपासून दोरा पुढे नेऊन हँडलखालच्या नळीला वळसा घालावा, दुसऱ्या खाचेत ताणून बांधावा आणि सीटखालच्या नळीपासून दोन्हीकडचे अंतर मोजावे; ते सारखे असेल तर फ्रेम सरळ आहे. सीटची दांडी गंजून अडकली असेल, तर ती काढण्याचा खर्च आधी विचारून घ्यावा.

फ्रेम ठणठणीत निघाली तरी आपली यादी मला बदलावी लागेल. या जातीच्या जुन्या रॅलेत मागच्या चाकाची जागा साधारण ११० ते ११५ मिलिमीटर असते, तर आठ गिअरच्या हबला १३० किंवा १३५ लागते. पोलाद असल्याने फ्रेम फाकवता येते हे खरे. पण पुरात राहिलेल्या नळ्या वीस मिलिमीटर फाकवणे मला धोक्याचे वाटते. शिवाय नॉटिंगहॅमच्या बऱ्याच फ्रेमच्या बॉटम ब्रॅकेटला इंचाला २६ आटे असतात, तर बाजारात सर्रास मिळणाऱ्या कपांना २४. यादीतील नवा बॉटम ब्रॅकेट बहुधा बसणारच नाही, आणि तो बसवण्याच्या खटाटोपात आणखी दोन-तीन हजार जातील. बजेट कोलमडते ते अशाच साखळीने. म्हणून जुने कप आणि एक्सल चांगले असतील तर तेच ठेवावेत, फक्त छर्रे आणि क्रँक एक्सलला घट्ट धरणाऱ्या कॉटर पिना नव्या घालाव्यात.

चाकांसाठी, फ्रेमचे माप जुळत असेल तर, २६ × १ ३/८ हेच माप ठेवावे. आपल्याकडे लेडीज सायकलला हेच टायर असतात, त्यामुळे टायर-ट्यूब सांगली-मिरजेत कोठेही मिळेल. किंबहुना या मापाची एखादी जुनी, चालू लेडीज सायकल विकत घेऊन तिची चाके, चेन, फ्रीव्हील (मागच्या चाकाची दातेरी चकती) आणि ब्रेक काढून घेणे हा सर्वांत स्वस्त मार्ग आहे. विश्रामबाग ते कुपवाड या रस्त्याला एक गिअर पुरतो. चामड्याची सीट यादीतून काढावी आणि रंग शेवटी करावा. पैसे वाचवू नयेत ते दोनच ठिकाणी: टायर आणि ब्रेक. पोलादी रिम ओली झाली की ब्रेक नीट लागत नाही, म्हणून ॲल्युमिनियमची रिम मिळाली तर थोडे जास्त मोजूनही तीच घ्यावी.

कार्डावर २२,००० रुपयांचा १२ महिन्यांचा हप्ता सुमारे १,९८५ रुपये बसतो. व्याज आणि त्यावरील १८ टक्के जीएसटी मिळून साधारण २,१५० रुपये जादा जातात, प्रोसेसिंग फी वेगळी. पण माझा मुख्य आक्षेप निराळा आहे. तीन महिन्यांच्या खर्चाएवढी, म्हणजे ९०,००० रुपयांची आपत्कालीन रक्कम आपल्याकडे नाही; २०,००० कमी आहेत, आणि तरीही नवे कर्ज डोक्यावर घेण्याचा विचार आहे. खर्च आणि आवर्त ठेव वजा जाता आपल्याकडे महिन्याला ८,००० रुपये उरायला हवेत. त्यातील ५,००० पहिले चार महिने बचत खात्यात टाकावेत, म्हणजे ही तूट भरून निघेल, आणि १,५०० सायकलसाठी वेगळे काढावेत. पुढचे दोन महिने सायकलसाठी ४,००० रुपये काढता येतील. अशा रीतीने सहा महिन्यांत १४,००० रुपये जमतील आणि तीच खर्चाची कमाल मर्यादा. मुलीच्या आवर्त ठेवीला हात लावू नये. आपण भिशीत असाल आणि ती लागली, तरी ते पैसे आधी आपत्कालीन खात्यातच जावेत.

फ्रेम तपासणीत नापास झाली, तर नवी सायकल घेणे योग्य ठरेल. २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला आहे, त्यामुळे बिलात तो दर लावला आहे का ते पाहून घ्यावे. तीही याच १४,००० रुपयांत बसवावी. फ्रेम पास झाली आणि टायर-ब्रेकपर्यंतच मर्यादा संपली, तर पावडर कोटिंग पुढच्या वर्षीच्या बोनसवर ठेवावे. तोवर उघड्या पडलेल्या लोखंडावर प्रायमरचा हात मारून नळ्यांच्या आत तेल सोडून ठेवले, तर जुन्या रंगातही सायकल रोज चालवता येईल.