विंडोज सेव्हनच्या रोमिंग प्रोफाइलचं नाव बदलून ती टेनवर चालवता येईल का?

रोमिंग प्रोफाइल म्हणजे माणसाचा डेस्कटॉप, फाइल्स आणि सेटिंग्ज सर्व्हरवर ठेवायच्या, तो बसेल त्या मशीनवर त्या उतरतात. तुमच्याकडे अर्धी मशीन सेव्हनवर, अर्धी टेनवर. सर्व्हरवर एकाच माणसाचे व्ही२ आणि व्ही६ असे दोन फोल्डर दिसतात, म्हणून व्ही२चंच नाव व्ही६ करावं का, असं विचारताय. अजिबात करू नका.

तो बिघाड नाहीच. प्रत्येक विंडोज प्रोफाइल फोल्डरच्या नावाला आपला आवृत्ती क्रमांक जोडतं. व्हिस्टा-सेव्हनचा व्ही२, टेनच्या पहिल्या दोन आवृत्त्यांचा व्ही५, टेनच्या १६०७ आवृत्तीपासून व्ही६. आतल्या एनटीयूजर.डॅट फाइलमध्ये त्या माणसाची रजिस्ट्री, म्हणजे सेटिंग्जची नोंदवही, असते. एका विंडोजची दुसऱ्याला पचत नाही.

फोर्टातल्या आमच्या जुन्या ऑफिसात व्हेंडरच्या पोराने नेमकं हेच केलं होतं. मी नको म्हणत होतो, साहेब म्हणाले, ‘करू दे रे त्याला.’ सकाळी अकाउंट्सच्या मॅडमनी लॉगिन केलं तर डेस्कटॉप कोरा, कोपऱ्यात तात्पुरत्या प्रोफाइलचा मेसेज. तो वाचतं कोण? २० तारीख, जीएसटीचं महिन्याचं रिटर्न, जीएसटीआर-३बी, भरायचं होतं. त्यांनी त्याच डेस्कटॉपवर एक्सेलमध्ये सगळं जुळवलं, सेव्ह केलं आणि जेवायला जाताना शिस्तीत लॉग ऑफ केलं. खरी प्रोफाइल उघडली नाही की विंडोज तात्पुरती देतं, आणि ती लॉग ऑफला पुसली जाते. परत आल्या तर फाइल गायब. त्यांचा आवाज लिफ्टपर्यंत ऐकू येत होता, आणि साहेब बघतायत माझ्याकडे!

साहेबांचं पालुपद एकच: ‘प्रोफाइल सर्व्हरवर आहे ना, मग बॅकअप आहेच.’ नाही हो. एका मशीनवर उडवलेली फाइल लॉग ऑफला सर्व्हरवरूनही उडते, याला बॅकअप म्हणतात? शिवाय पावसात गाड्या बंद पडल्या की सेंट्रलवाले ठाण्याच्या ब्रँचला बसायचे. मग एकेकाचा डेस्कटॉप, मुलीच्या हळदीच्या व्हिडिओसकट, फोर्टहून त्या मरतुकड्या लाइनवरून ओढला जायचा. लॉगिन होईपर्यंत लोक वडापाव खाऊन परत.

मग करायचं काय? डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स ग्रुप पॉलिसीतून (सगळ्या मशीनना एकाच ठिकाणाहून नियम लावायची सोय) रिडायरेक्ट करा. फोल्डर शेअरवर, म्हणजे सर्व्हरच्या सामायिक फोल्डरमध्ये, राहतात, दोन्ही विंडोजना तेच दिसतात, प्रोफाइल हलकी होते. यूजरच्या प्रोफाइल पाथमध्ये शेवटी व्ही२-व्ही६ लिहू नका, ते विंडोज स्वतः लावतं. टेनची प्रोफाइल कोरीच सुरू होऊ द्या. आउटलुकची सही हवी असेल तर अ‍ॅपडेटाच्या रोमिंगमधला सिग्नेचर्स फोल्डर तेवढा उचला.

हां, शेअरचा बॅकअप तरीही वेगळा घ्यावा लागतो (हे साहेब वाचत असतील तर त्यांच्यासाठी). लॅपटॉप घेऊन फिरणाऱ्यांना रोमिंग देऊच नका. टर्मिनल सर्व्हर (अनेकजण एकाच सर्व्हरवर लॉगिन करून काम करतात तो) असेल तर मायक्रोसॉफ्टचं प्रोफाइल सांभाळणारं एफएसलॉजिक्स बघा, तिथे हा सगळा हिशोब वेगळा. आणि व्ही२ लगेच उडवू नका. चेक छापायच्या प्रिंटरला जोडलेलं एखादं सेव्हन कुठेतरी निघतंच.