मंदीत असंघटित काम गरिबाला कितपत तारतं?

"नोकरी गेली तरी गरीब माणूस काहीतरी करून पोट भरतोच, मग असंघटित क्षेत्र हीच त्याची सामाजिक सुरक्षा नाही का?" असं तुम्ही विचारलंय. अर्धं खरं आहे. हातावर पोट असलेल्याला रिकामं बसणं परवडतच नाही. बेकारभत्ता नसलेल्या देशात म्हणूनच मंदीतही बेकारीचा आकडा फारसा फुगत नाही. माणसं पडेल ते काम धरतात आणि कमाई घसरते. बेकारीचा दर पाहून 'गरिबांचं बरं चाललंय' म्हणणाऱ्यांचा मला राग येतो तो यामुळेच.

उरलेल्या अर्ध्यासाठी कचरावेचकांकडे पाहा. अर्जेंटिनात जानेवारी २००२ मध्ये पेसोचं अवमूल्यन झालं. आयात कागद महागला, रद्दीला भाव आला आणि हजारो बेकार माणसं ब्युनोस आयर्सच्या रस्त्यांवर पुठ्ठा गोळा करू लागली. 'कार्तोनेरो' म्हणतात त्यांना. संकटानेच त्यांच्या मालाची किंमत वाढवली होती. २००८ च्या अखेरीस बरोबर उलटं घडलं. कारखाने मंदावले, जगभर भंगाराचे भाव कोसळले, आणि नेमके तेव्हाच काम गेलेले नवे लोकही कचरा वेचायला आले. ओझं तेवढंच, पैसे कमी. फेरीवाल्याचंही तसंच होतं: गिऱ्हाईक आटतं आणि शेजारी नवी गाडी लागते.

२०२० मध्ये कोरोनाच्या टाळेबंदीत तर रस्ताच बंद झाला. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या अंदाजानुसार जगातल्या सुमारे २०० कोटी असंघटित कामगारांपैकी १६० कोटींना मोठा फटका बसला. पहिल्याच महिन्यात त्यांची कमाई सरासरी ६० टक्क्यांनी घटली.

त्यामुळे आधी संकट कुठलं ते बघा. कारखाने बंद पडले पण बाजारात पैसा फिरतोय, तर किरकोळ काम घर तगवतं. मागणीच मेली किंवा बाहेर पडायलाच बंदी आली, तर नाही. (घरातली बाई पहाटे शिवण आणि दुपारी धुणीभांडी करून जे सावरते, ते बहुतेक हिशेबांत येतही नाही.)

मदत द्यायची तर ती लवकर पोचायला हवी, कारण आधी दागिना जातो, मग गाडी किंवा शिलाई मशीन. अवजार एकदा विकलं की बाजार सुधारल्यावरही त्या घराला दुसऱ्याच्या हाताखाली रोजंदारीवरच जावं लागतं.