ओबामांची शपथ : एक शब्द जागा सोडून पडला तेव्हा

प्रश्न : बराक ओबामा यांचा २० जानेवारी २००९ चा शपथविधी नुकताच पुन्हा पाहिला. तेव्हा डोळे भरून आले होते, त्यामुळे शपथेतली अडखळ लक्षात आली नव्हती. नेमकं काय चुकलं? आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा शपथ का घ्यावी लागली?

उत्तर : ही शपथ अमेरिकी राज्यघटनेच्या दुसऱ्या अनुच्छेदात शब्दशः दिली आहे. अवघे ३५ शब्द. सरन्यायाधीश एकेक तुकडा सांगतात आणि अध्यक्ष तो म्हणतात. इथे पहिली गडबड नावापाशीच झाली. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचा पहिला तुकडा नावावर संपत नव्हता, पण नाव ऐकताच ओबामांनी म्हणायला सुरुवात केली आणि दोघांचे आवाज एकमेकांत मिसळले.

खरी चूक पुढच्या तुकड्यात आहे. ‘फेथफुली’, म्हणजे निष्ठापूर्वक, हा शब्द ‘एक्झिक्यूट’, म्हणजे पार पाडणे, या क्रियापदाच्या आधी हवा. रॉबर्ट्स पाठांतरावर सांगत होते; त्यांनी तो वाक्याच्या शेवटी नेला. चूक जाणवून ओबामा ‘एक्झिक्यूट’पाशी थांबले. रॉबर्ट्स सावरायला गेले, तर आता त्यांच्याकडून क्रियापदच गळलं. शेवटी ओबामांनी पहिल्यांदा कानावर पडलेला चुकीचा क्रमच म्हटला. ती थांबण्याची जागा नीट ऐका. घटनेचा हा माजी अध्यापक शपथेचे मूळ शब्द जाणत होता, हे तिथे कळतं.

अर्थ बदलला नव्हता. पण घटनेनं शब्द ठरवून दिलेले असताना उद्या एखाद्या आदेशाला कुणी याच मुद्द्यावर आव्हान दिलं तर काय, ही शंका उरू नये म्हणून २१ जानेवारीला संध्याकाळी व्हाइट हाउसच्या मॅप रूममध्ये रॉबर्ट्स यांनीच पुन्हा शपथ दिली. या वेळी अगदी सावकाश, आणि बायबलशिवाय. घटनेत बायबलची अट नाही. शेवटी म्हणतात ते ईश्वराचं नावही त्या ३५ शब्दांत नाही, ती परंपरा आहे.

प्रश्न : शपथ व्हायला दुपारचे १२ वाजून गेले होते. मग मधल्या काही मिनिटांत अध्यक्ष कोण होतं?

उत्तर : ओबामाच. १९३३ च्या विसाव्या घटनादुरुस्तीनुसार आधीच्या अध्यक्षांची मुदत २० जानेवारीला दुपारी १२ ला आपोआप संपते आणि त्याच क्षणी पुढची सुरू होते. (त्यापूर्वी ही तारीख ४ मार्च होती; जानेवारीतला पहिला शपथविधी १९३७ चा, फ्रँकलिन रूझवेल्ट यांचा.) पद घड्याळानं मिळतं, पदाचे अधिकार वापरण्याआधी मात्र शपथ हवी. चित्रफितीत बारा वाजतात तेव्हा चेलोवादक यो-यो मा, व्हायोलिनवादक इत्झाक पर्लमन आणि त्यांचे दोन सहवादक वाजवत असतात. सत्तांतर त्या सुरांखालीच होऊन गेलं.

प्रश्न : ते वादन तिथे प्रत्यक्ष झालं नव्हतं, हे खरं का?

उत्तर : खरं आहे. वादक वाजवत होते, पण लोकांनी ऐकलं ते दोन दिवस आधीचं ध्वनिमुद्रण. तापमान शून्याखाली होतं. अशा थंडीत तारा तुटतात, पियानोचे सूर उतरतात. याला फसवणूक म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

प्रश्न : पुन्हा पाहताना आणखी काय पाहावं?

उत्तर : आधी जागा पाहा. कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसद भवनाच्या, ज्या पश्चिम बाजूला हा सोहळा झाला, तिथून समोर नॅशनल मॉल या लांबलचक मैदानाच्या दुसऱ्या टोकाला लिंकन स्मारक आहे. २८ ऑगस्ट १९६३ रोजी कृष्णवर्णीयांच्या समान हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांनी भाषण केलं ते त्याच्याच पायऱ्यांवरून. आणि कॅपिटॉलच्या बांधकामात गुलामांचे श्रम आहेत. हे दोन्ही ठाऊक असलं की गर्दीतल्या वृद्ध कृष्णवर्णीयांचे चेहरे वेगळे दिसतात.

भाषणात ओबामा म्हणतात की आजवर ४४ अमेरिकनांनी ही शपथ घेतली. ते ४४ वे अध्यक्ष खरे, पण माणसं ४३. ग्रोव्हर क्लीव्हलँड सलग नसलेल्या दोन मुदतींमुळे २२ वे आणि २४ वे असे दोनदा मोजले जातात.

मग मिशेल यांच्या हातातलं बायबल पाहा. १८६१ मध्ये अब्राहम लिंकन यांनी याच प्रतीवर हात ठेवला होता. त्यानंतर ओबामांपर्यंत एकाही अध्यक्षानं शपथेसाठी ती वापरली नव्हती.