चादरीवरची दोन अक्षरं

प्रश्न : सादा आबे या जपानी बाईबद्दल परवा दोनच ओळी वाचनात आल्या. प्रियकराचा खून करून त्याचं लिंग कापून सोबत नेलं म्हणे. खून तर जगभर होतात. मग इतक्या वर्षांनी हिचंच नाव का निघतं? आणि पुढे तिचं झालं काय?
– एक वाचिका, सांगली

उत्तर : ताई, पुण्यात मी बरीच वर्षं जपानी शिकवली. दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी हे विचारायचंच, पण तास संपून बाकीचे पांगल्यावर. मग मी त्याच्याच वहीच्या मागच्या पानावर दोन अक्षरं काढून द्यायचो. पहिलं सादाचं, दुसरं किचीचं. जोडून वाचली की ‘सादाकिची’, जुन्या वळणाचं पुरुषी नाव! किची म्हणजे तिचा प्रियकर किचिझो इशिदा. त्याच्याच रक्तानं तिनं चादरीवर हेच लिहिलं होतं आणि पुढे, ‘फक्त दोघं’.

ती तारीख 18 मे 1936. टोकियोतल्या ओगु भागात जोडप्यांना खोली देणारं एक घर होतं, तिथे ही दोघं काही दिवस मुक्कामाला होती. तो 42 वर्षांचा हॉटेलमालक, ती 30 वर्षांची, त्याच्याकडे कामाला लागलेली. मूळची ततामी चटया बनवणाऱ्याची लेक, मग गेइशा, मग वेश्या. तो झोपेत असताना किमोनोच्या कमरपट्ट्यानं तिनं गळा आवळला. तो मेला की दुसरी कुठली बाई त्याला हात लावू शकणार नाही, असं तिनं पोलिसांना सरळ सांगून टाकलं.

नाव टिकलं ते मला वाटतं या सांगण्यामुळे. कापाकापीची बातमी आठवडाभर चालली असती. पण बाईनं काही झाकलं नाही. 20 मेला टोकियोतल्याच शिनागावात सापडली, तेव्हाच्या फोटोत ती हसतेय आणि भोवतीचे पोलीसही हसताहेत! त्यात फेब्रुवारीतलं लष्करी बंड नुकतंच मोडलेलं, शहरात मार्शल लॉ. लोकांना दुसरं काहीतरी बोलायला हवंच होतं. तिची जबानी बाहेर फुटली आणि चोरून वाचली गेली.

सरकारी वकिलांनी दहा वर्षं मागितली, कोर्टानं सहा दिली. 1941 च्या मे महिन्यात सुटली. नाव बदलून राहू लागली, तर 1947 मध्ये त्याच जबानीवरचं पुस्तक धडाक्यात खपलं. तिनं लेखकावर खटला भरला. मग मात्र स्वतःच नाटकात सादा आबे म्हणून उभी राहिली. पुढे इनारिचो भागातल्या एका दारूच्या गुत्त्यात बरीच वर्षं कामाला होती. गिऱ्हाइकं तिलाच बघायला यायची आणि मालकाला ते चांगलं ठाऊक होतं.

इशिदाच्या बायकोबद्दल मात्र मला आजवर एकाही विद्यार्थ्यानं विचारलं नाही. हॉटेल खरं तर तीच चालवायची.

1969 मध्ये सादा एका चित्रपटात स्वतः दिसली. त्यानंतर दोनेक वर्षांत जी गायब झाली ती झालीच. 1976 मध्ये नागिसा ओशिमांनी तिच्यावर सिनेमा काढला, तेव्हा ती जिवंत आहे की नाही हेही कुणाला सांगता येत नव्हतं.