सिंगल माल्ट स्कॉचमध्ये पाणी घातल्यास तिची चव बिघडते का?

सिंगल माल्ट स्कॉच म्हणजे एकाच डिस्टिलरीत फक्त अंकुरित जवापासून बनवलेली स्कॉटलंडची व्हिस्की. पाण्याने तिची चव बिघडत नाही; पारख करताना तर थोडे पाणी घालणे उपयुक्तच ठरते. स्कॉटलंडमधील आयला बेटावरील ‘लागावूलिन १६ वर्षे’ या व्हिस्कीचे उदाहरण घेऊ. तिच्यात मद्यार्क ४३ टक्के असतो आणि अंकुरित जव पीटच्या (दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींपासून बनलेल्या इंधनाच्या) धुरावर वाळवल्यामुळे तिला धुराचा ठसठशीत गंध येतो. हा गंध देणाऱ्या संयुगांपैकी एक असलेले ग्वायाकॉल, स्वीडनमधील दोन संशोधकांनी २०१७ मध्ये संगणकीय प्रारूपाच्या आधारे दाखवल्याप्रमाणे, मद्यार्काचे प्रमाण कमी झाले की द्रवाच्या पृष्ठभागाकडे सरकते, म्हणजेच नाकाला अधिक सहज जाणवते.

मात्र पहिला वास आणि पहिला घोट पाण्याविनाच घ्यावा. तोंडाशी निमुळत्या होत जाणाऱ्या ग्लासात साधारण २५ मिलिलिटर व्हिस्की ओतावी, नाक आत न खुपसता ओठ किंचित विलग ठेवून हलकेच हुंगावे, आणि घोट काही क्षण जिभेवर फिरवून गिळल्यानंतर मागे काय व किती वेळ रेंगाळते, याकडे लक्ष द्यावे. माझ्या मते खरी पारख तिथेच होते. त्यानंतर साध्या तापमानाचे पाणी थेंबाथेंबाने घालून तुलना करावी. बर्फाने गंध दबतात, म्हणून परीक्षणात तो टाळावा.

रंगावरून वय ठरवू नये, कारण स्कॉचमध्ये साधा कॅरॅमल रंग मिसळण्यास कायद्याने परवानगी आहे. बाटलीवरील वयाचा आकडा तिच्यातील सर्वांत कमी वयाच्या व्हिस्कीचा असतो.