नातवाची भिकबाळी

प्रश्न : माझा नातू एकवीस वर्षांचा. ढोल-ताशा पथकात जातो आणि भिकबाळीसाठी कान टोचून घ्यायचा म्हणतो. मुलगा भडकला, "असली बायकी थेरं या घरात नकोत." पण भिंतीवरच्या फोटोत माझ्या सासरेबुवांच्याच कानात भिकबाळी आहे! मग हे बायकी कधीपासून झालं?
– एक आजी, मिरज

उत्तर : आजी कसं म्हणू, मीही सत्तरी ओलांडलीय. वहिनी म्हणतो.

मी पस्तीस वर्षं नाटकांचा कपडेपट सांभाळला. एका ऐतिहासिक नाटकात सरदाराच्या अंगरख्याला मी चांगला बारा वार घेर दिला होता. तो अंगावर चढवताच आमचा तालमीतला दणकट गडी लाजला. "काका, हा घागरा घालून तलवार कशी उपसू?" म्हटलं, बाबा रे, घेर असल्यामुळेच घोड्यावर टांग टाकता यायची. छातीवरचे बंद आवळून बांधले, गळ्यात मोत्यांचे सर घातले, तेव्हा कुठे त्याची मान ताठ झाली.

जेम्स वेल्स या चित्रकाराने 1792 साली पुण्यात सवाई माधवरावांचं चित्र काढलं. पेशवे तेव्हा अठरा वर्षांचे, म्हणजे तुमच्या नातवापेक्षा लहानच. अंगावर मोती आणि जवाहीर नुसतं लखलखतंय. शेजारी नाना फडणवीस, त्यामानाने साधे. दागिन्यांवरून दौलत आणि दर्जा कळायचा; बाई की पुरुष हा प्रश्नच नव्हता. आणि हे काही पेशव्या-सरदारांपुरतं नव्हतं. कानात बाळ्या, हातात चांदीचं कडं, कमरेला करगोटा घातलेले म्हातारे शेतकरी आणि धनगर आपण दोघांनीही पाहिलेत. त्यांना बायकी म्हणायची कुणाची छाती होती?

बरं, तेव्हा साहेब तरी कुठे साधा होता? केसांना पावडर फासायचा. 1795 मध्ये विलायत सरकारने त्या पावडरीवर वर्षाला एक गिनी कर बसवला, आणि आधीच उतरणीला लागलेली ती फॅशन आणखी घसरली. पुढे तिथले पुरुष नटणं सोडून काळ्या कोटात शिरले. आपल्याकडे इंग्रजी राज्य मुरलं ते या कोटवाल्याचं. कचेरीत त्याच्यासमोर उभं राहायचं, तर आपल्या शिकलेल्या मंडळींनीही कोट चढवला आणि अंगावरचं सोनं हळूहळू बायकोच्या पेटीत गेलं. खेड्यात ते जास्त टिकलं. तुमचे चिरंजीव 'बायकी' म्हणतात ती त्या कचेरीची शिकवण, सासरेबुवांची नव्हे.

भिकबाळीचं मूळ तर आणखी वेगळं सांगतात. मुलं जगत नसली की नवसाच्या मुलासाठी भीक मागून सोन्याची बाळी करायची आणि ती त्याच्या कानात घालायची. म्हणजे पराक्रम राहिला बाजूला, आईचा धसका आधी! पथकातल्या पोरांना हे जरूर सांगा.

आता कामाचं. भिकबाळी कानाच्या वरच्या भागात असते. तिथे कूर्चा, म्हणजे मऊ हाड; जखम भरायला कित्येक महिने लागतात. ढोलाच्या घामात तर हालच. आधी दाबाची घालून बघू दे. तरी हौस टिकली तर डॉक्टरांकडून टोचून घ्या, बंदुकीने नको.

आणि फोटो जरा निरखून बघा. भिकबाळी उजव्या कानात घालायची रीत. सासरेबुवांच्या डाव्या कानात दिसत असेल, तर सदऱ्याची बटणपट्टीही तपासा. स्टुडिओवाल्याने फोटो उलटा छापला असेल.