२ × ४ फुटांच्या टेंटसाठी पहिला दिवा निवडताना

तुम्ही कॅनडाच्या ऑन्टॅरिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टनला स्वतःच्या घराच्या बेसमेंटमध्ये २ × ४ फुटांचा, १८० सेंटीमीटर उंचीचा ग्रो टेंट, म्हणजे घरात झाडे वाढवण्याचा बंदिस्त तंबू, उभा केला आहे. त्यात गांजाची दोन झाडे वाढवायची आहेत आणि दिव्यासाठी तीन पर्याय तुमच्यासमोर आहेत: खोक्यावर '२००० वॅट' असे ठळक छापलेला, जांभळा उजेड देणारा स्वस्त एलईडी, त्याच्या जवळपास तिप्पट किमतीचा, पण २४० वॅटचाच असल्याचे सांगणारा पांढरा एलईडी, आणि मित्राकडे पडून असलेला ६०० वॅटचा सोडियम दिवा. यांतला दुसरा घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र तो का घ्यावा हे नीट समजले, तरच पुढे तो किती उंचीवर टांगायचा आणि किती मंद ठेवायचा हेही तुम्हाला ठरवता येईल, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो.

आधी कायद्याचे. कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढ व्यक्तीला घरी लागवड करता येते, पण चार झाडांची मर्यादा प्रत्येक घरामागे आहे, माणसामागे नाही. क्वेबेक प्रांतात घरगुती लागवडीला मनाईच आहे. ऑन्टॅरिओत १९ वर्षे पूर्ण असावी लागतात आणि बी परवानाधारक विक्रेत्याकडूनच घ्यावे लागते. महाराष्ट्रात किंवा भारतात अन्यत्र राहून हे वाचणाऱ्यांनी यातले काहीही करू नये, कारण १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यानुसार तेथे घरात एक झाड लावणे हाही गुन्हा आहे. तसेच इथे पिकवलेले काहीही सीमेपलीकडे नेता येत नाही, मग देश कोणताही असो.

आता त्या '२००० वॅट'कडे वळू. हा आकडा दिवा किती वीज खातो याचा नसतो. आतील प्रत्येक डायोड, म्हणजे उजेड देणारा छोटा ठिपका, त्याच्या कमाल क्षमतेने चालवला तर किती वॅट होतील याची ती कागदावरची बेरीज असते, किंवा जुन्या प्रकारच्या कोणत्या तरी दिव्याशी केलेली सोयीची तुलना असते. दिवा उलटा करून मागची छोटी पट्टी वाचली, तर तिथे १२० व्होल्टला बहुधा दोनशेच्या आसपास, कधी त्याहूनही कमी वॅट लिहिलेले आढळतात. सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा साधा वीजमापक हार्डवेअरच्या दुकानात सहज मिळतो आणि तो लावला की खरा आकडा लगेच कळतो. म्हणून खोक्यावरचा वॅटचा आकडा पूर्णपणे बाजूला ठेवा आणि विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा: दिवा सॉकेटमधून प्रत्यक्ष किती वॅट ओढतो, आणि त्यातून प्रतिसेकंद किती मायक्रोमोल प्रकाश बाहेर पडतो. या दुसऱ्या आकड्याला पीपीएफ म्हणतात. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे वनस्पतीला प्रकाशसंश्लेषणासाठी वापरता येणारा प्रकाश त्यात मोजलेला असतो. पीपीएफला वॅटने भागले की दिव्याची कार्यक्षमता, म्हणजे विजेच्या प्रत्येक ज्यूलमागे किती मायक्रोमोल मिळतात ते, कळते. आजचे चांगले पांढरे एलईडी प्रत्येक ज्यूलमागे २.५ ते ३ मायक्रोमोल देतात, तर स्वस्त जांभळे दिवे अनेकदा त्याच्या निम्म्यावर अडतात. ज्याला या दोन प्रश्नांची उत्तरे देता येत नाहीत, त्याच्याकडून दिवा घेऊ नये.

झाडापर्यंत पोहोचणारा प्रकाश मात्र क्षेत्रफळावर अवलंबून असतो आणि एका चौरस मीटरवर प्रतिसेकंद पडणाऱ्या मायक्रोमोलना पीपीएफडी म्हणतात. कोवळ्या रोपाला १०० ते ३००, पानांच्या वाढीच्या काळात ३०० ते ६०० आणि फुलोऱ्यात ६०० ते ९०० पीपीएफडी पुरतो. उन्हाळ्यातील भर दुपारच्या उन्हात हाच आकडा २००० च्या आसपास जातो, पण टेंटमध्ये त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही, कारण कार्बन डायऑक्साइड वेगळा सोडल्याशिवाय १००० च्या पुढचा प्रकाश झाडाला फारसा पचत नाही. फुलोऱ्यासाठी सरासरी ७०० धरू. तुमच्या टेंटचे क्षेत्रफळ (६० × १२० सेंटीमीटर धरून) सुमारे ०.७२ चौरस मीटर आहे, म्हणजे झाडांच्या माथ्यावर साधारण ५०० मायक्रोमोल पोहोचले पाहिजेत. भिंतींवर आणि कोपऱ्यांत काही प्रकाश वाया जातोच, तो १५ टक्के धरला तर दिव्यातून ५९० च्या आसपास निघायला हवेत. २.६ कार्यक्षमतेने भागा: सुमारे २३० वॅट. तुमचा दुसरा पर्याय २४० वॅटचा का योग्य आहे, ते या गुणाकार-भागाकारातच आहे. १०० वॅटचा दिवा या टेंटमध्ये रोपे जगवील, पण फुले भरणार नाहीत; ४०० वॅटचा घेतला तर उष्णता काढण्यातच तुमचा वेळ जाईल.

उजेडाच्या रंगाविषयी नवशिक्यांच्या मनात उगाच भीती घातली जाते. पाने लाल आणि निळा प्रकाश अधिक शोषतात, यावरून हिरवा प्रकाश निरुपयोगी, अशी समजूत पसरली आणि जांभळ्या दिव्यांचा बाजार तिच्यावर उभा राहिला. वास्तविक कीथ मॅक्री यांनी १९७२ साली अनेक पिकांच्या पानांवर केलेल्या मोजमापांतून हिरवा प्रकाशही प्रकाशसंश्लेषणाला चांगला उपयोगी पडतो हे दिसले होते, आणि तो दाट पानांत खोलवर उतरतो हा त्याचा आणखी एक लाभ. म्हणून ३००० ते ४००० केल्विनचा (केल्विन हे पांढऱ्या उजेडाच्या छटेचे माप) पांढरा प्रकाश आणि जोडीला ६६० नॅनोमीटरचे थोडे गडद लाल डायोड, एवढे असले की बी रुजण्यापासून कापणीपर्यंत एकच दिवा चालतो. पांढऱ्या उजेडाचा एक मोठा फायदा जाहिरातीत कोणी सांगत नाही: पानाचा खरा रंग दिसतो. खालच्या पानांची पिवळी छटा, मॅग्नेशियम कमी पडल्यावर शिरांमध्ये उमटणारी फिकट नक्षी, पानामागची कोळ्याच्या जातीची बारीक कीड हे सगळे जांभळ्या उजेडात वेळेवर लक्षात येत नाही, आणि नवशिक्याला याच गोष्टी वेळेवर दिसणे सर्वांत गरजेचे असते. अतिनील किंवा दूर-लाल डायोडसाठी पहिल्या खेपेला जादा पैसे मोजू नका.

सोडियम दिवा वाईट नाही. व्यावसायिक हरितगृहांनी अनेक वर्षे त्याच्यावरच पिके काढली. पण तुमच्या टेंटमध्ये ६०० वॅटची उष्णता १८० सेंटीमीटर उंचीत कोंडली जाईल, बल्ब आणि शेंडा यांत मोठे अंतर ठेवावे लागेल, बल्बचा प्रकाश वापरागणिक घटत जाईल आणि तो ठरावीक काळाने बदलावा लागेल. मित्राचे आभार मानून तो तिथेच राहू द्या.

उंचीचा हिशेब मी मुद्दाम मांडतो, कारण तो करून दिवा घेणारे थोडे असतात. १८० सेंटीमीटरमधून कुंडीचे ३० वजा करा, दिवा, त्याचे दोर आणि वरचा, वास शोषणारा कार्बन फिल्टर मिळून ३०, आणि दिवा व शेंडा यांतील अंतराचे ४०. झाडासाठी उरतात ८० सेंटीमीटर. झाड फुलोऱ्यात यावे म्हणून प्रकाशाचे तास दिवसाला १८ वरून १२ वर आणतात; त्यानंतर पहिल्या दोन-तीन आठवड्यांत झाड बऱ्याचदा दुपटीने उंच होते, म्हणजे तासांचा बदल झाड ३५ ते ४० सेंटीमीटरचे असतानाच करावा लागतो. (आपोआप फुलणाऱ्या जातींना हा बदल लागत नाही; त्यांना शेवटपर्यंत १८ तास दिले तरी चालतात.) जिथे उंची कमी आहे तिथे दिव्याचा आकार निर्णायक ठरतो. मध्यभागी एकच चौकोनी पाटी असलेला दिवा २ × ४ च्या लांबट टेंटमध्ये मधल्या पानांवर भरपूर आणि दोन्ही टोकांना अपुरा प्रकाश टाकतो. त्याऐवजी लांब पट्ट्या शेजारी शेजारी बसवलेला, अथवा दोन छोट्या पाट्यांचा दिवा घ्यावा. पट्ट्यांचा दिवा शेंड्याच्या अधिक जवळ आणता येतो आणि दहा-पंधरा सेंटीमीटर उंची वाचते. तुम्ही निवडलेल्या २४० वॅटच्या दिव्याची लांबी किती आहे ते मागवण्यापूर्वी तपासा, आणि तो चौकोनी असेल तर त्याच वॅटचा लांबट नमुना शोधा.

दिवा मंद करण्याची कळ असणे मी अनिवार्य मानतो. रोपे उगवताच पूर्ण २४० वॅट डोक्यावर सोडले तर पाने वरच्या बाजूला पन्हाळीसारखी वळतात आणि शेंडे फिके पडतात. उलट उजेड कमी पडला की रोप काडीसारखे उंच होते आणि पेरांतील अंतर वाढते. दिवा शेंड्यापासून ५०-६० सेंटीमीटरवर टांगून पाव शक्तीपासून सुरुवात करावी आणि रोपाकडे पाहत हळूहळू वाढवावे. मोजण्यासाठी महागडे यंत्र नको. फोनच्या कॅमेऱ्यावर साध्या पांढऱ्या कागदाचा तुकडा सपाट चिकटवून लक्स मोजणारे ॲप वापरा. पांढऱ्या एलईडीखाली लक्सच्या आकड्याला ७० ने भागले की पीपीएफडीचा कामापुरता अंदाज येतो. म्हणजे ४९,००० लक्स दिसले तर साधारण ७००. जांभळ्या दिव्याखाली हा भागाकार लागू पडत नाही, हेही पांढरा दिवा घेण्याचे एक कारण समजा.

सुरक्षिततेबाबत तडजोड करू नका. दिव्यावर सीएसए, सीयूएल किंवा सीईटीएल यांपैकी एखादी, विद्युत सुरक्षेसाठी कॅनडात मान्य असलेली खूण हवी. नुसती युरोपातली सीई खूण इथे ग्राह्य नाही. ऑनलाइन स्वस्त मिळणाऱ्या अनेक दिव्यांवर ती एकटीच असते, आणि दिवसाला १८ तास बंद टेंटमध्ये, ओल्या कुंड्यांच्या वर चालणाऱ्या उपकरणाबाबत हा फरक फार मोठा आहे. २४० वॅट म्हणजे १२० व्होल्टला अवघे २ अँपिअर, त्यामुळे दिव्याचा भार फार नाही. प्रश्न त्याच सर्किटवर आणखी काय आहे हा आहे. घरगुती १५ अँपिअरच्या सर्किटवर सतत चालणारा भार १२ अँपिअर, म्हणजे १४४० वॅटच्या आत ठेवायचा असतो, आणि हिवाळ्यात बेसमेंटमध्ये लावलेला १५०० वॅटचा हीटर एकटाच तो ओलांडतो. हीटर वेगळ्या सर्किटवर न्या. वायर सॉकेटच्या खाली लोंबून मग वर येईल अशी सोडा, म्हणजे पाणी घरंगळलेच तर ते प्लगमध्ये जाणार नाही. टायमर बॅटरीवर वेळ लक्षात ठेवणारा घ्या. वीज गेली की यांत्रिक टायमर तेवढाच मागे पडतो आणि फुलोऱ्यातील झाडाची १२ तासांची रात्र सरकते. ही रात्र पूर्ण अंधाराची हवी, म्हणून टेंटच्या आत एक्स्टेंशन बोर्डाचा लाल ठिपकाही दिसू नये. त्याच्यावर काळी पट्टी चिकटवावी.

विजेचा खर्च लोकांना वाटतो तेवढा नाही. फुलोऱ्यात २३० वॅट १२ तास म्हणजे दिवसाला पावणेतीन युनिट, महिन्याला ८० च्या थोडे वर. ऑन्टॅरिओत रात्री ११ ते सकाळी ७ पर्यंत अतिस्वस्त दर देणारी योजना आहे. ती तुमच्या घराच्या एकूण वापराला परवडत असेल, तर दिवा रात्री ९ ते सकाळी ९ चालवा. त्यामुळे आठवड्याच्या दिवसांतील संध्याकाळी ४ ते ९ हा महागडा काळ टळतो, आणि बेसमेंट सर्वांत थंड असते तेव्हा दिव्याचीच ऊब मिळते. एलईडीतून सोडियमसारखी तप्त अवरक्त किरणे निघत नाहीत, त्यामुळे पान आजूबाजूच्या हवेपेक्षा विशेष गरम होत नाही; म्हणून दिवा चालू असताना टेंटमधील हवा २५ ते २८ अंश सेल्सिअस ठेवावी. जानेवारीत वाढ खुंटली की लोक खत वाढवतात, तेव्हा आधी तापमापक पाहावा.

दिवा आला की बी लगेच भिजत घालू नका. रिकाम्या टेंटमध्ये तो पूर्ण शक्तीवर सलग १२ तास चालवा, पंखा चालू ठेवा, आणि ज्या उंचीवर शेंडे येणार आहेत तिथे मध्यभागी, चारही कोपऱ्यांत व दोन्ही लांब कडांच्या मध्यावर मोजमाप घेऊन कागदावर लिहून ठेवा. कोपऱ्यांचा आकडा मध्याच्या निम्म्याहून कमी आला, किंवा मापकावरचे वॅट मागच्या पट्टीवरील आकड्याशी जुळले नाहीत, तर परत करण्याची मुदत संपण्याआधी दिवा परत पाठवा.